पाठिंब्याचे पत्र आणि त्यामागची यादी

ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये आमचा सात-आठ जणांचा गट गेली कित्येक वर्षे एकाच डब्यातून प्रवास करतो. महापे येथील कंपनीत नोकरी करणारी, घणसोलीला उतरणारी एक तरुण मुलगी त्या गटात आहे. तिने मध्यंतरी एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "काका, अपक्ष आमदाराने सरकारला पाठिंबा देताना आपल्या भागासाठी रस्ता किंवा दवाखाना मागून घेतला, तर त्यात वाईट काय आहे? नुसताच पाठिंबा देऊन लोकांचा काय फायदा?" घणसोली येईपर्यंतच्या वेळात मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही, कारण हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. त्यात अंकगणित आहे, राज्यघटनेचे पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आहे, अर्थसंकल्पाची पुस्तके आहेत आणि आपल्या इमारतीसमोरचे गटारही आहे. ते सारे तिच्यासाठी आणि तिच्यासारखा प्रश्न पडलेल्या वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात अंकगणितापासून करू. महाराष्ट्र विधानसभेत २८८ जागा आहेत आणि स्पष्ट बहुमतासाठी १४५ सदस्य लागतात. एखाद्या अपक्षाला किती महत्त्व मिळणार, हे त्याच्या कर्तृत्वावर ठरत नाही. सरकार बनवू पाहणाऱ्यांना किती जण कमी पडतात, यावर ठरते. आपल्याच परिसरातील दोन महापालिकांचे आकडे शेजारी ठेवले की ही गोष्ट चटकन लक्षात येते. नवी मुंबई महापालिकेच्या २०१५ च्या निवडणुकीत १११ जागांपैकी राष्ट्रवादी काँग्रेसला ५२ मिळाल्या, म्हणजे बहुमताला ४ कमी पडल्या, आणि सभागृहात ५ अपक्ष होते. त्या पाचांपैकी प्रत्येकाच्या घरची बेल निकालाच्या रात्री वाजली असणार, हे सांगायला राजकीय अभ्यासक लागत नाही. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, खाडीच्या अलीकडे ठाण्यात १३१ पैकी ६७ जागा एकट्या शिवसेनेला मिळाल्या. तिथे निवडून आलेल्या दोन अपक्षांकडे सत्तेसाठी कोणाला जावेच लागले नाही. अपक्ष इथेही होते आणि तिथेही होते, पण एका सभागृहात त्यांच्या हाताला किंमत होती आणि दुसऱ्यात नव्हती.

राज्याच्या पातळीवर या गणिताचे सर्वांत ठळक उदाहरण १९९५ चे आहे. त्या निवडणुकीत काँग्रेसला ८०, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या, आणि तब्बल ४५ अपक्ष निवडून आले. त्यांतील बरेच जण काँग्रेसने उमेदवारी नाकारल्यामुळे बंड करून उभे राहिलेले होते. युतीचे १३८ होत होते, म्हणजे ७ कमी. मनोहर जोशी यांचे सरकार अपक्षांच्या पाठिंब्यावर उभे राहिले आणि हर्षवर्धन पाटील, अनिल देशमुख यांच्यासारखे अपक्ष म्हणून निवडून आलेले आमदार त्या सरकारात मंत्री झाले. पुढे १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि रोख्यांच्या मार्गाने पैसा उभा करून पश्चिम महाराष्ट्रात धरणांची व कालव्यांची कामे काढण्यात आली. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार असल्यामुळे त्याआधी राज्याच्या वाट्याचे पाणी अडवण्याची निकड होतीच. पण त्या निकडीला पश्चिम महाराष्ट्रातील अपक्षांच्या आग्रहाची जोड होती, असेही त्या काळाबद्दल सांगितले जाते. यांतला निर्णयाचा कोणता भाग पाण्याच्या हिशेबाने झाला आणि कोणता पाठिंब्याच्या हिशेबाने, हे आज वेगळे करून दाखवता येत नाही, कारण पाठिंबा कोणत्या अटींवर दिला गेला याचा कागद जनतेसमोर कधी आलाच नाही. माझ्या मते या साऱ्या विषयाची खरी गाठ इथेच आहे आणि पुढे मी पुन्हा तिच्याकडेच येणार आहे.

त्यानंतर अपक्षांची संख्या वरखाली होत राहिली. २०१९ मध्ये १३ अपक्ष निवडून आले. आपल्या ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरमधून गीता जैन त्यांपैकी एक होत्या. त्या वेळी शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांची बेरीज १५४ होत होती, म्हणजे अपक्षांवाचूनही सरकार चालले असते. तरीही विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी १६९ मते पडली आणि शिरोळचे अपक्ष आमदार राजेंद्र पाटील-यड्रावकर राज्यमंत्री झाले. काठावरच्या बहुमताची भीती असलेले सरकार गरजेपुरतेच सदस्य गोळा करून थांबत नाही; उद्या कोणी फुटले तर कमी पडू नये म्हणून ते चार जास्तीचे जोडून ठेवते, आणि त्या जास्तीच्यांनाही काही द्यावे लागते. २०२४ मध्ये मात्र अवघे दोन अपक्ष निवडून आले आणि सत्ताधारी महायुतीकडे २३० आमदार होते.

आता अपक्षाकडून सरकारला नेमके काय हवे असते ते पाहू. प्रत्येक ठरावावर, प्रत्येक विधेयकावर त्याने हात वर करावा अशी अपेक्षा नसते. सरकार पडण्याचे प्रसंग मोजके असतात: विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठराव, अर्थसंकल्प, पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा खर्च) आणि विरोधकांनी आणलेल्या कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव. सभागृहाने पैसा नाकारला तर सरकारने विश्वास गमावला असे मानले जाते. म्हणून तडजोड साधारणपणे इतकीच असते की, या प्रसंगी आमच्या बाजूने राहा, बाकी वेळी तुमची भूमिका तुमची. एका मताने काय होऊ शकते हे देशाने १७ एप्रिल १९९९ रोजी पाहिले आहे, जेव्हा अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० मतांनी पडले.

पक्षाच्या आमदाराला पक्षादेश, म्हणजे व्हीप असतो. तो मोडला तर १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. अपक्षाला व्हीप नाही, पण त्याच्यासाठी त्याच परिशिष्टात एक निराळी आणि कडक तरतूद आहे: निवडून आल्यानंतर त्याने कोणत्याही राजकीय पक्षात प्रवेश केला तर तो अपात्र ठरतो. नामनिर्देशित सदस्याला पक्ष निवडण्यासाठी सहा महिने मिळतात, अपक्षाला एक दिवसही मिळत नाही. यामागचा विचार योग्यच आहे, कारण लोकांनी त्याला पक्षाच्या चिन्हाबाहेरचा माणूस म्हणून मत दिलेले असते. प्रश्न उरतो तो असा की, सरकारला पाठिंबा देणे, त्या सरकारात मंत्री होणे आणि पक्षात जाणे यांतली सीमा कुठे आहे?

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न दोनदा महत्त्वाच्या स्वरूपात आला. हरियाणात २००४ मध्ये काही अपक्ष आमदारांनी काँग्रेसमध्ये प्रवेश केल्याचे दूरचित्रवाणीवरील चित्रणावरून दिसले, विधानसभा अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवले आणि डिसेंबर २००६ मध्ये न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कर्नाटकात २००८ साली भाजपला २२४ पैकी ११० जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला ३ कमी. तेव्हा अपक्षांना सोबत घेऊन आणि त्यांना मंत्रिपदे देऊन येडियुरप्पा यांचे सरकार आले. दोन वर्षांनी त्याच अपक्षांनी पाठिंबा काढला, तेव्हा अध्यक्षांनी पाच अपक्षांना 'तुम्ही तर आमच्याच पक्षात आला होता' अशा अर्थाच्या कारणावरून अपात्र ठरवले. न्यायालयाने ती अपात्रता रद्द केली. सरकारला पाठिंबा दिला किंवा मंत्रिपद स्वीकारले एवढ्यावरून अपक्ष त्या पक्षाचा सदस्य झाला असे म्हणता येत नाही, हा त्याचा इत्यर्थ. अपक्ष आमदार पक्षाचे उपरणे गळ्यात न घालता त्या पक्षाच्या नेत्याशेजारी उभा राहून छायाचित्र का काढून घेतो, याचे उत्तर या दोन निकालांत आहे.

मतपेटीजवळही अपक्षाचे स्थान वेगळे आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते, अपक्षाने मात्र ती कोणालाही दाखवायची नसते. १० जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत सहाव्या जागेचा निकाल अपक्ष आणि लहान पक्षांच्या मतांवर लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस, २८ जूनला, सात अपक्ष आमदारांनी राज्यपालांना ई-मेल पाठवून तत्कालीन सरकारने बहुमत गमावल्याचे कळवले. पुढचा सत्तापालट आणि कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे यांचे मुख्यमंत्री होणे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको. त्या काळात राज्यपालांनी बहुमत चाचणीचा जो आदेश दिला, त्याला पुरेसा आधार नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात म्हटले.

आता देवघेवीकडे वळतो. अपक्षाला जे दिले जाते त्याचे मला तीन प्रकार दिसतात, आणि तिन्हींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पहिला प्रकार पदाचा. पूर्वी मंत्रिमंडळाच्या आकाराला मर्यादा नव्हती, त्यामुळे पाठिंबा देणाऱ्या प्रत्येकाला सामावून घेता येत असे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली, म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. मंत्रालयातील खुर्च्या मोजून मिळू लागल्या तेव्हा ओघ महामंडळांकडे वळला: अध्यक्षपद, राज्यमंत्रिपदाचा दर्जा, गाडी, कार्यालय. इथेही अडसर आहे. आमदाराने सरकारकडून लाभाचे पद घेतले तर तो अपात्र ठरू शकतो, मग त्याने मानधन प्रत्यक्ष उचललेले असो वा नसो. २००६ मध्ये जया बच्चन यांचे राज्यसभा सदस्यत्व याच तत्त्वावर गेले. मात्र कोणती पदे या बंदीतून वगळायची हे कायद्याने ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाकडेच असल्यामुळे तो अडसर दूर करण्याची चावीही त्याच सभागृहाच्या हाती आहे.

दुसरा प्रकार निधीचा, आणि सर्वसामान्य माणसाचा संबंध येतो तो इथे. पुष्कळांचा समज असतो की आमदार निधी म्हणजेच हा निधी. तसे नाही. स्थानिक विकास कार्यक्रमाचे वर्षाला ५ कोटी रुपये प्रत्येक आमदाराला मिळतात, तो सत्तेत असो की विरोधात, पक्षाचा असो की अपक्ष. जे सर्वांना सारखे मिळते ते देऊन कोणाला वळवता येत नाही. वळवण्यासाठी लागतो तो जादा निधी, आणि त्याची वाट निराळी आहे. आमदार आपल्या लेटरहेडवर कामांची यादी देतो. मंत्री त्यावर शेरा मारतात. मग ती यादी खात्यात जाते. ग्रामीण भागात अशा कामांसाठी '२५१५' हे लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाचा सांकेतिक क्रमांक, गावोगावच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. शहरांत नगरविकास खात्याकडून महापालिका क्षेत्रातील मूलभूत सुविधांसाठी विशेष अनुदान येते. वर्षाच्या मूळ अर्थसंकल्पात पैसा नसेल तर पावसाळी किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांतून तरतूद होते. त्यानंतर शासन निर्णय निघतो, त्याला कामांचे विवरणपत्र जोडलेले असते, मग तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, आणि सर्वांत शेवटी आपल्या गल्लीच्या तोंडाशी 'यांच्या विशेष प्रयत्नांतून' असा फलक.

माझ्या घराजवळच्या चौकात असा एक फलक काही वर्षे होता. गटाराच्या झाकणांचे आणि पेव्हर ब्लॉकचे ते काम, त्यावर रक्कम, लेखाशीर्ष आणि हसतमुख छायाचित्र. सरकार बदलले तेव्हा काम अर्धे झाले होते. उरलेल्या अर्ध्या भागात एक पावसाळाभर उघड्या गटारावर फळी टाकून आम्ही ये-जा केली आणि समोरच्या आजींनी त्या काळात संध्याकाळी देवळात जाणे बंद केले. २०२२ च्या सत्तांतरानंतर आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना राज्यभर स्थगिती मिळाली होती आणि ते वाद उच्च न्यायालयापर्यंत गेले होते, हे वर्तमानपत्रांत सर्वांनी वाचले आहे. आमच्या चौकातले काम त्यामुळेच थांबले की ठेकेदाराच्या दिरंगाईमुळे, ते कोणीही सांगू शकले नाही. पण ज्या कामाला गरजेच्या क्रमाने मंजुरी मिळत नाही, ते काम गरजेच्या आधारावर टिकतही नाही, एवढे मला त्या फळीवरून चालताना नक्की कळले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी इथून सुरू करीन. रस्ता मागण्यात वाईट काही नाही. पण राज्याच्या तिजोरीत वर्षाला जेवढे आहे तेवढेच असते, आणि एका मतदारसंघात जे जास्त गेले ते दुसऱ्या कुठल्यातरी मतदारसंघातून कमी झालेले असते. आपल्याच जिल्ह्यातला शहापूर तालुका पाहा. भातसा, तानसा, मोडकसागर यांचे पाणी मुंबईला आणि काही प्रमाणात ठाण्याला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. समजा, तिथला आमदार सत्ताधारी पक्षाचा आहे. त्याला व्हीप आहे, त्याचे मत गृहीत धरलेले आहे, त्यामुळे त्याची मागणी रांगेत उभी राहते. समजा, शेजारच्या तुलनेने सुस्थितीतल्या मतदारसंघातून अपक्ष निवडून आला आणि सरकारला एक मत कमी आहे. मग रांग मोडते. पाड्यावरच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा तितकाच जड राहतो आणि सुस्थितीतल्या वस्तीला दुसऱ्यांदा डांबरीकरण मिळते. यात कोणी लाच घेतलेली नाही, कोणी कायदा मोडलेला नाही, आणि तरीही अन्याय झालेला आहे. याचा अर्थ अपक्षांनी मागूच नये असा मी काढत नाही. मागितलेले आणि दिलेले उघड असावे, म्हणजे शहापूरच्या माणसाला निदान विचारता तरी येईल की आमच्याआधी त्यांना का.

तिसरा प्रकार धोरणाचा, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. बच्चू कडू २००४ पासून तीन वेळा अपक्ष म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतःच्या प्रहार पक्षाकडून निवडून आले. दिव्यांगांसाठी स्वतंत्र खाते असावे, ही त्यांनी सातत्याने लावून धरलेली मागणी होती. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. त्यांच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, या मागणीचा लाभ एका मतदारसंघापुरता राहत नाही. गडचिरोलीतल्या आणि घोडबंदर रस्त्यावरच्या दिव्यांग व्यक्तीला तो सारखाच लागू होतो.

आणि या तिन्हींच्या पलीकडे आहे ती सरळ लाच. २८ जुलै १९९३ रोजी नरसिंह राव सरकारवरील अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला, आणि नंतर झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी त्यासाठी पैसे घेतल्याचे प्रकरण उभे राहिले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने निकाल दिला की, पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्या सदस्याला घटनेतील विशेषाधिकाराचे संरक्षण आहे. हा निकाल तब्बल २६ वर्षे टिकला. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मोडीत काढला. लाच स्वीकारली त्या क्षणी गुन्हा पूर्ण होतो, पुढे मत कोणत्या बाजूला पडले याला महत्त्व नाही, असे त्यात स्पष्ट झाले. म्हणजे घोडेबाजार हा शब्द आपण ज्या व्यवहारासाठी वापरतो, त्यातील नोटांचा भाग आता निःसंशय गुन्हा आहे. पद आणि निधी यांना मात्र तो निकाल लागू होत नाही, आणि बहुतेक देवघेव तर त्यांचीच असते.

मग यावर काही उपाय आहे का? इतर देशांनी यातून काही मार्ग काढले आहेत. आयर्लंडमध्ये फेब्रुवारी १९८२ च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. डब्लिन शहराच्या मध्यवर्ती, अत्यंत गरीब वस्तीतून टोनी ग्रेगरी नावाचे अपक्ष निवडून आले होते. दोन्ही मोठ्या पक्षांचे नेते त्यांच्याशी बोलणी करायला गेले, आणि त्यांपैकी चार्ल्स हॉही यांनी ग्रेगरी यांच्या वस्तीसाठी घरे, रोजगार आणि बंदराजवळची जमीन सरकारने ताब्यात घेणे अशा मागण्या मान्य केल्या. करार लेखी झाला, त्यावर कामगार संघटनेच्या नेत्याची साक्ष झाली, आणि ग्रेगरी यांनी तो संसदेत वाचून कामकाजात नोंदवून घेतला. बराचसा करार अमलात येण्याआधीच त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरकार पडले. पण काय ठरले होते आणि काय झाले नाही, हे आज चाळीस वर्षांनंतरही कोणालाही वाचता येते. त्याच देशात २००७ मध्ये पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी अपक्षांशी केलेले करार मात्र गोपनीय ठेवले, आणि त्यावर तिथे मोठी टीका झाली.

ऑस्ट्रेलियात २१ ऑगस्ट २०१० च्या निवडणुकीत १५० पैकी दोन्ही बाजू बहुमतापासून दूर राहिल्या. सतरा दिवस बोलणी चालली. पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांना अखेर ७६ विरुद्ध ७४ असे काठावरचे बहुमत मिळाले, आणि अपक्षांशी झालेले करार सह्यांसह प्रसिद्ध करण्यात आले. अपक्षांची हमी विश्वासमत आणि अर्थसंकल्प एवढ्यापुरतीच होती. त्यांपैकी अँड्र्यू विल्की यांना विरोधी नेत्याने त्यांच्या शहरातील रुग्णालयासाठी १०० कोटी डॉलर देऊ केले होते. त्यांनी ते नाकारले आणि गिलार्ड यांच्याकडून ३४ कोटी डॉलर तसेच जुगाराच्या यंत्रांवर निर्बंध आणण्याचे वचन घेतले. जानेवारी २०१२ मध्ये पंतप्रधानांनी ते वचन पाळले नाही म्हणून त्यांनी पाठिंबा काढून घेतला. असा करार न्यायालयात नेऊन अमलात आणता येत नाही. अपक्षाच्या हाती फक्त पाठिंबा काढण्याचे हत्यार असते. म्हणूनच सगळीकडे दोन्ही बाजू हप्त्याहप्त्याने देवघेव करतात. पण करार छापलेला होता, त्यामुळे वचन कोणी मोडले हे मतदाराला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आपल्याकडे जे छापील असते ते फारच तुटपुंजे. अपक्षाचे पाठिंब्याचे पत्र चार ओळींचे असते: मी अमुक मतदारसंघाचा सदस्य, अमुक नेत्याच्या नेतृत्वाखालील सरकारला बिनशर्त पाठिंबा देत आहे. 'बिनशर्त' हा शब्द मी इतक्या वेळा वाचला आहे की तो आता त्या पत्राचा मायना वाटतो. शर्ती दुसऱ्या कागदावर असतात, किंवा कागदावर नसतातच. झारखंडमध्ये याची परिसीमा झाली: मधू कोडा हे अपक्ष आमदार सप्टेंबर २००६ ते ऑगस्ट २००८ या काळात थेट मुख्यमंत्री होते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणात त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

विधानसभेपेक्षा महापालिकेत, निदान कागदापुरती, थोडी अधिक स्पष्टता आहे. बेलापूरला माझे कार्यालय कोकण भवनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि निवडणुकीनंतरची गटनोंदणी मी तिथे पाहिली आहे. नगरसेवक एकत्र येतात, प्रत्येकाच्या सहीचे प्रतिज्ञापत्र असते, गटनेत्याचे नाव असते आणि विभागीय आयुक्तांकडे त्या गटाची नोंद होते. निकाल अधिसूचित झाल्यापासून एक महिन्याच्या आत अपक्षांनाही कायद्याने आघाडीत सामील होता येते, आणि एकदा नोंद झाली की १९८६ चा स्थानिक संस्थांसाठीचा अपात्रता कायदा त्यांनाही लागू होतो. ही घाई कशासाठी? स्थायी समितीच्या १६ जागा गटांच्या तौलनिक संख्याबळावर वाटल्या जातात, आणि एका अपक्षाची सही इकडची तिकडे झाली तर एक जागा इकडची तिकडे होऊ शकते. शहराचे ठेके ज्या समितीपुढे येतात तिच्यातली एक जागा. पण निदान अपक्ष कोणाबरोबर गेला हे एका रजिस्टरमध्ये तारखेसह लिहिलेले असते आणि पाच वर्षे तो त्या नोंदीला बांधलेला असतो. कशासाठी गेला, ते तिथेही लिहिलेले नसते.

गेल्या आठवड्यात ती मुलगी डब्यात शिरली ती फोन पुढे करूनच. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय शोधायला मी तिला सांगितले होते. तिला तिच्या इमारतीसमोरच्या गटाराच्या कामाचा निर्णय सापडला होता. विवरणपत्रात अनुक्रमांक, कामाचे नाव आणि रक्कम असे तीन रकाने होते. "काका, हे काम कोणी सुचवले आणि कधी, त्याचा रकाना कुठे आहे?" तिने विचारले. तो नव्हता. ऐरोली गेल्यावर तिने पिशवीतून कोरा कागद काढला, मी माझ्या पाकिटातला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प तिला दिला, आणि रबाळे ते घणसोली या एवढ्या वेळात तिने माहिती अधिकाराच्या अर्जाच्या पहिल्या दोन ओळी लिहून काढल्या: सदर काम मंजूर करण्याची शिफारस करणाऱ्या लोकप्रतिनिधीच्या पत्राची प्रत मिळावी, आणि ते पत्र खात्यात आवक झाल्याची तारीख मिळावी.